सायकलवाला व्याही

हरिप्रसादांनी आपल्या व्याह्याचं नाव कधी तोंडात घेतलं नाही. विषय निघालाच तर ते 'तो पंक्चरवाला' म्हणायचे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सात पिढ्या काढलेलं मराठी घराणं, स्वतः बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले. आणि लेकीनं, विनुतानं, लग्न केलं ते जवळच्या ओरत्तनाडू गावातल्या सूसै नावाच्या ख्रिस्ती सायकल-दुरुस्तीवाल्याच्या मुलाशी! लग्नाला ते गेले नाहीत. सूसै पत्रिका घेऊन आला तेव्हा त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. त्याच्या नखांतलं ग्रीस तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं.

पुढे बाळंतपणानंतर विनुताला मज्जातंतूंचा आजार जडला. पंधरा दिवसांत हातपाय लुळे पडले. नवरा मस्कतला नोकरीला. रजा संपताच त्याला परतावं लागलं.

"हट्ट केला ना? भोगू दे," हरिप्रसाद म्हणाले. पण मनातून ते वाट बघत होते. महिन्या-दीड महिन्यात तो पंक्चरवाला कंटाळून मुलीला दारात आणून सोडेल आणि मग आपण मोठ्या मनानं तिला घरात घेऊ. त्या वेळी काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

आठ महिने झाले, कुणी आलं नाही. शेवटी तेच ओरत्तनाडूच्या बसमध्ये चढले.

दुकान बंद होतं. घरात मेरीच्या तसबिरीभोवती रंगीत दिवे लुकलुकत होते. ते बघून हरिप्रसादांनी नाक मुरडलं. मागच्या अंगणात सूसैनं सायकलींचे पाइप जोडून कठडा उभा केला होता. विनुता तो धरून उभी होती आणि सूसै जमिनीवर उकिडवा बसून तिचा एकेक पाय हातानं उचलून पुढे ठेवत होता.

"दुकान?" हरिप्रसादांनी विचारलं.

"बंद केलं. दोन्ही होईना, सार." न्हाऊ घालायला त्याची विधवा बहीण येई, बाकी सगळं तोच बघायचा. बावीस वर्षांत यंदा पहिल्यांदा त्याची वेलांकण्णीच्या मेरीमातेची पायी यात्राही चुकली होती.

"एवढं कोण फुकट करतं?" हरिप्रसाद म्हणाले. "एक दिवस डोक्यावर पाणी घालून तिला ख्रिस्ती कराल, नाव बदलाल. माहीत आहे मला."

सूसैचा हात थांबला नाही. "नाव चांगलं आहे की तिचं." मग पुढचा पाय उचलत तो म्हणाला, "आम्ही रोज प्रार्थनेत देवाला बाप म्हणतो, सार. तो शब्द रोज तोंडात घ्यायचा आणि घरात लेकरू पडलंय तिकडे बघायचं नाही, हे मला जमत नाही. एवढंच."

हरिप्रसादांना पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"अप्पा, बसा नाहीतर जा," विनुता म्हणाली. "वाटेत उभे राहू नका. मला चालायचंय."

घरी येऊन त्यांनी बायकोला, रंजनाला, सगळं सांगायला सुरुवात केली. ती तांदूळ निवडत होती.

"मला काय सांगता? दर मंगळवारी मी देवळात नाही, तिकडेच जाते. आठ महिने झाले. कुठे जातेस म्हणून तुम्ही कधी विचारलंत?" तिनं मानही वर केली नाही.

त्यानंतर हरिप्रसादही जाऊ लागले. त्यांना कामाचं काहीच येत नव्हतं. तेल चोळायला घेतलं तर सांडायचे. सूसैनं नातीला त्यांच्या मांडीवर दिलं, तर ती भोकाड पसरायची. पंक्चरवाला मात्र एकदाही हसला नाही, आणि हेच त्यांना सर्वांत जास्त लागायचं. आपणच आपल्याला किळसवाणे वाटू लागलो आहोत, हे ते कुणाला सांगणार?

पोंगलच्या दिवशी विनुता कठडा सोडून चालली. आठ पावलं टाकली आणि झोक गेला. दोन्ही म्हातारे हात पसरून पुढे झाले. ती सासऱ्याच्या अंगावर पडली.

"मीही हात पुढे केला होता," परतीच्या बसमध्ये हरिप्रसाद म्हणाले. "तिनं पाहिलं नसेल."

"पाहिलं," रंजना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.