परीक्षेची जोडीदारीण

अम्मी गेली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. त्याआधीची आठ वर्षं तिचं इन्सुलिन, तिचं खाणं, तिच्या डॉक्टरांच्या वेळा यांभोवतीच माझा दिवस फिरायचा. तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, बहिणी आपापल्या गावी परतल्या आणि मंडईमागच्या आमच्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. कामावरून सात वाजता घरी यायचे. साडेसातला माझं जेवण झालेलं असायचं. त्यानंतर काय करायचं, ते मला खरंच माहीत नव्हतं.

भोसरीच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं स्टोअरमध्ये होते. कुठला माल किती मागवायचा आणि कधी मागवायचा, हे माझं काम. माझ्या हाताखाली शिकलेले दोघं माझ्या वरच्या जागांवर जाऊन बसले होते. त्याच सुमारास एकदा धीर करून मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा अनुभव आम्हाला माहीत आहे. पण तो फक्त आम्हालाच माहीत आहे. कागदावर काय आहे?"

मला राग आला. पण बसमध्ये विचार करताना वाटलं, माणूस खवचट असला तरी बोलला ते खोटं नाही. त्याच आठवड्यात मी सप्लाय चेनच्या सर्टिफिकेटच्या कोर्सला नाव घातलं. खरं सांगायचं तर बढतीपेक्षा मला संध्याकाळ भरायला काहीतरी हवं होतं.

रविवारी ऑनलाइन वर्ग असायचा. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या जोड्या लावून दिल्या आणि बजावलं, रोज अर्धा तास एकमेकांना प्रश्न विचारायचे. माझ्या वाट्याला मांजरी गावातली एक बाई आली. वय तीस-एकतीस, एका गोदामात आलेला माल मोजून उतरवून घ्यायचं काम करायची. तिला सकाळी सहाचीच वेळ जमणार होती. माझी फजरची नमाज तोवर झालेली असायची, म्हणून मीही हो म्हटलं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ताई, मला ह्यातलं काय बी समजलेलं न्हाई. इंग्रजी वाचता येतं, पण डोक्यात जात न्हाई."

मी तिला सेफ्टी स्टॉक समजावून सांगितला. मागणी अचानक वाढली किंवा माल यायला उशीर झाला, तर अडायला नको म्हणून जास्तीचा ठेवलेला साठा.

"म्हंजे कोण पाहुणा टपकंल म्हणून मी दोन भाकरी जादा थापते, तसं?"

"तसंच."

"मग हे मला आधीच येतंय की!" ती हसली. मीही हसले. आपलं हसणं आपल्यालाच अनोळखी वाटावं, इतक्या दिवसांनी.

सहा महिने तो फोन एकदाही चुकला नाही. तिच्याकडून नळाचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा, कोणीतरी चहा मागायचं. एकदा तिने विचारलं, "ताई, तुमच्याकडं कुणाचाच आवाज येत न्हाई. झोपलेत व्हय सगळे?"

"नाही. मी एकटीच असते."

 त्या दिवसापासून मात्र अर्धा तास झाला तरी ती फोन ठेवेना. "मी भाकऱ्या करती, तुम्ही वाचा. मी ऐकती," म्हणायची. मी मागणीच्या अंदाजाचं प्रकरण मोठ्याने वाचायचे आणि पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. अहो-जाहो सुटून मी तिला कधी अगं म्हणायला लागले, तेही आठवत नाही.

माझी परीक्षा आधी होती, तिची आठ दिवसांनी. केंद्रावरच्या पडद्यावर 'पास' असं आलं, ते मी तीनदा वाचलं. बाहेर येऊन पर्स आणि मोबाइल परत घेतला आणि पायऱ्यांवर उभी राहिले. बोटं सवयीने अम्मीच्या नंबरकडे गेली. मग मी माझ्या जोडीदारणीला फोन लावला. ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं.

आठ दिवसांनी मीच विचारलं, "काय झालं गं?"

"झाले ताई पास," ती म्हणाली. एवढंच. घाईत असेल, असं मला वाटलं.

सर्टिफिकेटचा उपयोग झाला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तीन महिन्यांत खराडीच्या एका कंपनीत मला बोलावणं आलं. मुलाखतीत मी जे सांगितलं ते जुन्या साहेबांना दहा वर्षं सांगत आले होते. फरक इतकाच की आता त्या गोष्टींना नावं होती, आणि ती नावं समोरच्यांना ओळखीची होती. ते लिहून घेत होते. माझं बोलणं कोणी लिहून घेतंय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला स्वतंत्र केबिन मिळाली. जेवणाच्या सुट्टीत तिथेच डबा उघडायचे. सहाचे फोन आता आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा व्हायला लागले. परीक्षा संपल्यावर बोलायचं काय, हा प्रश्न दोघींनाही पडला असावा.

वर्षभराने माझ्याच विभागात एक जागा निघाली. मी तिचं नाव सुचवलं. एचआरने सर्टिफिकेटचा नंबर मागितला. मी तिला कळवलं. दोन दिवसांनी पाठवते म्हणाली, मग सापडत नाही म्हणाली, मग फोन उचलेना. एका सकाळी मी सहाला फोन केला तेव्हा तिने उचलला.

"ताई, मी परीक्षेला बसलेच न्हाई."

तिच्या सासूबाई परीक्षेच्याच सकाळी मोरीत पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. परीक्षेच्या वेळी ती दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर उभी होती.

"मग मला तसं का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती खूश होता. तुमचा फोन आला, आन् मी बोलून गेले. मग त्ये परत कसं घ्यायचं?"

मी साहेबांना भेटले. नव्या साहेबांना. म्हटलं, हिला काम येतं, मी स्वतः ऐकलंय. ते म्हणाले, "आपल्यावर माझा विश्वास आहे. पण अर्जातला तो रकाना रिकामा असला तर अर्ज पुढेच जात नाही." याच रकान्याने मला वर आणलं होतं. 

पुढच्या रविवारी स्वारगेटहून बस पकडून मी मांजरीला गेले. उसाच्या शेताला लागून नव्या इमारती उठल्या आहेत, त्यांच्या मागे तिचं घर. माझ्या मनात ती धिप्पाड होती, का कोण जाणे. दारात आली ती अगदी किरकोळ अंगाची, चष्मा लावलेली. दोघी क्षणभर अवघडलो. आवाज ओळखीचा आणि चेहरा परका, असं झालं.

सासूबाई खाटेवर होत्या. त्यांनी माझं गाव, माझी जात, माझी मुलं असं ओळीने विचारून घेतलं आणि मुलं नाहीत म्हटल्यावर सुनेला काहीतरी खायला करायला सांगितलं. तिने पोहे केले. मी म्हटलं, "पुन्हा बस परीक्षेला. मी रोज सहाला फोन करते."

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "सकाळी आता आईंचं सगळं असतं ताई. उठवणं, आंघोळ. अभ्यासाला बसू कधी?"

आठ वर्षं मीही हेच केलं होतं. त्यामुळे पुढे आग्रह करता येईना.

निघताना तिने तिची वही माझ्या हातात दिली. "हितं पडून राहील. तुम्ही न्या." बसमध्ये मी ती उघडली. सगळं मराठीत, तिच्या शब्दांत, गोदामातल्या उदाहरणांसह. मागच्या पानांवर सराव परीक्षांचे गुण लिहिले होते. बहुतेक वेळा ते माझ्यापेक्षा जास्त होते. मला मात्र ती फोनवर नेहमी म्हणायची, "तुमच्याहून कमीच आले ताई."

आता ईदला तिचा मेसेज येतो आणि दिवाळीला माझा जातो. गेल्या दिवाळीला तिने लिहिलं की आई काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. मी लिहिलं की परीक्षेचे अर्ज सुटले आहेत. तिने एक हसरा चेहरा पाठवला. त्याचा अर्थ हो असा घ्यावा की नाही असा, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.