चाकं जमिनीवर टेकल्यावर

आमच्या ह्यांना सगळे तोफखाना म्हणतात, आणि ते उगीच नाही. जीप घेऊन डोंगरात खडकांवर चढणाऱ्या हौशी लोकांना धक्के झेलणारे नवे पोलादी पाटे, नवे शॉकॲब्सॉर्बर हे बसवून देतात, गाडी वीतभर उंच करून देतात आणि वर शिव्या फुकट देतात. तरी गिऱ्हाईक तुटत नाही, कारण ह्यांनी बसवलेले पाटे वर्षानुवर्षं कुरकुरत नाहीत.

ह्यांचा नियमच आहे तसा. गाडी वर टांगलेली असताना पाट्यांचे बोल्ट नुसते अडकवून ठेवायचे. मग गाडी खाली घ्यायची, आत माणसं बसवायची आणि तिच्या अंगावर वजन आलं की मगच शेवटचं आवळायचं. नाहीतर बोल्टभोवतीचं रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. हातातलं काम टाकून मीही कितीदा जाऊन बसले आहे. बायको म्हणून नव्हे, पोतं म्हणून.

आमची लेक ह्यांच्याच हाताखाली शिकली आणि मग दवाखान्याची जीप चालवायला गेली, वरच्या वस्त्यांवरून आजारी माणसं खाली आणायला. ते ह्यांना झोंबलं. दुकान कोण बघणार, एवढंच तुणतुणं.

एकदा ती जीप घेऊन दुकानात आली. ह्यांनी सगळ्यात कडक पाटे काढले. "पुढची दहा वर्षं बघायला नको."

"गाडी टिकेल हो बाबा, आत झोपलेला पेशंट टिकणार नाही. नरम द्या."

"तू मला शिकवणार?"

"बाबा, त्या बाकावर कधी झोपून बघितलंय?"

"मग घे तुझ्या मनासारखं आणि चालती हो!" दातओठ खात ह्यांनी नरम पाटे चढवले. त्या दिवशी वजनाला मला कुणी हाक मारली नाही.

महिनाभराने हे जेवत असताना लेक आली आणि तिनं ताटाशेजारी फाटलेलं रबर ठेवलं. उताराच्या वळणावर जीप भलतीकडेच ओढली गेली होती आणि कशीबशी कठड्याला घासून थांबली होती. आत दिवस भरलेली बाई होती. ती वाचली, आमची पोरही वाचली.

ह्यांनी रबर बोटांत फिरवून बघितलं आणि हे भडकले. "कोणत्या गाढवानं टांगलेल्या गाडीत आवळलं हे?"

"त्या गाढवाला मी रोज वाढते," मी म्हणाले.

माझं डोकं फिरलं होतं. रुसायचं तर तोंड फिरवून बसा, बोल्टावर कसला राग काढता? तोही पोटच्या पोरीच्या गाडीत! चार घरं ऐकतील एवढं बोलून घेतलं मी.

हे उठले. नवी रबरं घातली, जीप खाली घेतली आणि पान्याला हात घातला. लेकीनं पाना काढून घेतला.

"तुम्ही आत बसा. वजन हवंय."

हे बसले. समोर मीही बसले, तोंड फुगवून. खाली ती एकेक बोल्ट आवळत होती.

"झालं. उतरा दोघं."

हे उतरले नाहीत. पेशंटच्या बाकावर आडवे झाले. "त्या वळणापर्यंत ने मला. रोज आणतेस तशीच चालव."

मी उतरले, दार बाहेरून लावलं आणि लेकीला म्हणाले, "एकही खड्डा चुकवू नकोस."