झेन्झीच्या डोक्यावरची सोनेरी टोपी

डॅन्यूबकाठच्या त्या गावात झेन्झी स्वयंपाकीण म्हणजे मोठं प्रस्थ. थेक्लाबाईच्या खानावळीत तिचे आलुबुखार भरलेले उकडीचे गोळे खायला दोन गावं पलीकडून माणसं यायची. वय चौतीस, जीभ तिखट आणि लग्न नाही. कारण गावाला पाठ होतं. पिंपं बनवणारा इग्नाझ नऊ वर्षं दर रविवारी यायचा, सात-आठ गोळे हाणायचा आणि लग्नाचं अवाक्षर न काढता घरी जायचा. झेन्झीला तोच हवा होता. का, ते देव जाणे. पण हवा होता.

त्या वर्षी द्राक्षं उतरल्यावर व्हिएन्नाहून रूपर्ट नावाचा चित्रकार आला. पुढे त्याचं बरंच नाव झालं, पण तेव्हा हे त्याचं जेमतेम दुसरं मोठं चित्र: खानावळीतला सुगीचा नाच. मधोमध झेन्झी. तीन दिवस त्याने तिला हातात थाळी देऊन उभं केलं. चौथ्या दिवशी ती चुलीपाशी असताना त्याला वाटलं, हिचं डोकं फारच काळोखात जातंय. मग पठ्ठ्याने चित्रातला तिच्या डोक्यावरचा काळा रुमाल पुसला आणि खुंटीवरची थेक्लाबाईची सोनेरी टोपी तिच्या डोक्यावर रंगवून टाकली. ती टोपी इथे फक्त लग्न झालेल्या बायका घालतात, हे शहरातल्या माणसाला कोण सांगणार?

रविवारी चर्चमधून निघालेलं सगळं गाव चित्र बघायला लोटलं. आणि जो काही हशा पिकला!

"काय गं झेन्झे, कधी उरकलंस? आम्हाला बोलावणं नाही ते?" थेक्लाबाई म्हणाली.

"घाई झाली असेल बिचारीला," लोहाराची बायको म्हणाली. "नवरा काय, मागाहून रंगवून घेईल."

एरवी झेन्झीने एकेकीची सालटी काढली असती. पण दारात इग्नाझ उभा होता. तो हसला तर सगळंच संपलं, या भीतीने ती हातातला पिठाचा गोळाच मळत राहिली.

रूपर्टचा चेहरा पांढराफटक पडला. "रंग ओला आहे, आत्ता खरवडतो," म्हणत त्याने सुरी उचलली. इग्नाझने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"अरे, पण खोटं आहे ना ते," लोहारीण म्हणाली.

"तीन रविवार थांब. रिवाजाप्रमाणे पाद्रीबाबा चर्चमध्ये दर रविवारी एकदा, अशी तीनदा आमची नावं वाचतील. मग लग्न. मग खरंच होईल की."



"आणि मला कोण विचारणार?" झेन्झी म्हणाली.

"नऊ वर्षं विचारतोय."

"नऊ वर्षं तू 'अजून एक वाढ' एवढंच म्हणालायस, मेल्या."

"तेच ते," इग्नाझ म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

झेन्झीला हसू आवरेना, रडूही आवरेना. आनंदाने तिचं डोकं गरगरायला लागलं. पिठाच्या हातांनी तिने त्याचा दंड पकडला आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, त्याला ओढत पाद्रीबाबांच्या घराकडे निघाली.

"जरा हळू चाल गं," इग्नाझ धापा टाकत म्हणाला.

"नऊ वर्षं हळूच चाललेय. संध्याकाळची प्रार्थना बाकी आहे अजून. तिथेच आपली नावं पहिल्यांदा वाचायला लावते त्यांना, म्हणजे आजचाही रविवार धरला जाईल."