गच्चीच्या मधोमध जावईबापू

सुरतेत माझं बिऱ्हाड थाटलं गेलं ते आमच्या घरमालकिणीच्या जावयांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण जावईबापूंच्या गोष्टी सुरू झाल्या की ऐकणारा हसत बसतो आणि उपकाराची गोष्ट राहूनच जाते. तर, त्या काळी अख्ख्या सुरतेत शाळेच्या पोरांना विमान शिकवणारा माणूस एकच होता, आणि त्या माणसाला उंचीची इतकी भीती होती की घरातला बल्ब बदलायचा झाला तर स्टुलावर बायको चढायची आणि हे खाली स्टूल धरून डोळे मिटून उभे राहायचे. विमानात बसणं तर सोडाच. डुमसच्या रस्त्याला तेव्हा एक धावपट्टी होती, तिथं कधीमधी विमान उतरे. ते बघायला पोरांना घेऊन जायचे तेव्हाही हे कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभे राहत, जसं काही विमानाऐवजी हेच उडून जाणार होते.

सुरतेच्या गोडादरा भागात मावशींचं घर. मावशी म्हणजे आमच्या घरमालकीण. खानदेशातून येऊन चार घरची कामं करत त्यांनी हे घर उभं केलेलं. खाली चार खोल्या, वर मोकळी गच्ची. एका खोलीत मावशी, एकीत लेक आणि जावई, आणि उरलेल्या दोन खोल्यांत आम्ही लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, काम करणारे गडी, एकीत सहा, एकीत सात. घरजावई म्हटलं की लोक जरा खालच्या आवाजात बोलतात. मावशींसमोर मात्र कुणाची टाप नव्हती. कुणी "तुमचा जावई जरा हा आहे का?" असं विचारलं की त्या ताडकन म्हणायच्या, "मना जवाई येडा नही. फक्त वारा लागेल शे त्याले."

जावईबापू मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत. पुस्तकातून नव्हे. हवा पंखाला वर कशी उचलते, हा धडा त्यांनी कापडाचे ताके उतरवून रिकाम्या झालेल्या टेम्पोत नववीच्या पोरांना उभं करून, उधना रोडवरून नेत शिकवला. सगळ्यांनी हात बाहेर काढायचा, तळवा आडवा धरायचा आणि मग हळूच पुढची कड वर करायची. हात आपोआप वर जातो. पंचवीस पोरांचे हात एकदम वर जायला लागले तेव्हा चौकातल्या पोलिसाला वाटलं निवडणुकीचा प्रचार चाललाय, आणि त्यानं विचारलं, "क्या पार्टी?" जावईबापूंनी टेम्पोच्या मधोमध बसूनच, दोन पोरांचे पाय धरून उत्तर दिलं, "हवा पार्टी!" टेम्पोवाला काठेवाडी होता, त्यानं कपाळाला हात लावला. "साहेब, छोकरां तो ठीक, पण तमे?"

विमान डोकं खाली कसं घालतं, कूस कशी बदलतं, तोंड कसं वळवतं, हे त्यांनी मावशींच्या हिंडोळ्यावर शिकवलं. चार साखळ्यांचा जाड फळीचा हिंडोळा, त्यावर मावशी दुपारी तांदूळ निवडत बसायच्या. पोरगं शेजारी बसे, मागून जावईबापू सांगत, "कॅप्टन, डावीकडे कूस!" की पोरगं डाव्या साखळीला लोंबकळे आणि मावशींचं सूपही तिकडेच घरंगळे. मावशी ओरडत, पण उठत नसत. "आते कुठे चालनं तुमनं इमान?" असं त्याच विचारायच्या. पोरं सांगत, मुंबई. "मंग भुसावळवरून न्या," मावशी म्हणायच्या, "मनी बहीन भेटी."

शाळेतला हा उद्योग एके दिवशी संपला. बांबूच्या कामट्यांचं एक ग्लायडर व्हरांड्यातून सुटलं, सुंदर वळण घेतलं आणि हेडमास्तरांच्या खिडकीतून आत जाऊन त्यांच्या आमटीत उतरलं. हेडमास्तर भला माणूस, पण त्यांनी हात जोडले. "सर, विज्ञान पुस्तकात ठेवा." तेव्हापासून वर्ग मावशींच्या गच्चीवर भरू लागला. जावईबापू भिंतीला पाठ लावून एकेक पायरी चढत, वर आल्यावर बरोबर गच्चीच्या मधोमध तुळशीजवळ उभे राहत आणि तिथून एक पाऊल हलत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "मी गुरुत्वमध्य सांभाळतो."

आणि नेमकी त्याच गच्चीवर माझी नजर होती. माझी शाळा आठवीत सुटलेली. पारोळ्याकडच्या गावाहून आलो, लूमवर लागलो, लग्न झालं, आणि बायको गावीच राहिली, कारण सात गड्यांच्या खोलीत तिला आणून ठेवणार कुठं? मावशींच्या मनात गच्चीवर पत्र्याची एक खोली काढायची होती. भाड्यानं द्यायची तर बिऱ्हाडकरू घरगुती हवा, असंही त्या बोलून गेल्या होत्या. मी महिनाभर मनात वाक्य जुळवत होतो, "मावशी, ती खोली मला द्या." जीभच रेटत नव्हती. माझा स्वभावच तसा. शेठनं नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी मला वाटायचं कामावरून काढलं. शेवटी एकदा बोललो. मावशी म्हणाल्या, "तुले देवाले माले काय? पन गच्ची जवाईनी शे. पयले त्याले इचारनं पडी." म्हणजे खोली झाली तर वर्ग बंद, आणि वर्ग राहिला तर माझी बायको गावी.

जावईबापूंना विचारायला म्हणून मी गच्चीवर गेलो. हातात पिळलेली लुंगी होती, वाळत घालायला. रिकाम्या हातांनी गेलं तर माणसाला बोलावं लागतं. लुंगी झटकली तशी ती वाऱ्यानं फुगली. "थांबा!" जावईबापू तुळशीजवळून ओरडले. "तो कोन सोडू नका! कॅप्टन्स, बघा यांच्याकडे." मी लुंगी धरून अर्धा तास उभा. विचारायचं ते राहिलंच, उलट दुसऱ्या दिवसापासून मी नववीतल्या पोरांच्या रांगेत बसू लागलो, मिशी असलेला एकटाच विद्यार्थी. मला वाटलं होतं, आता विचारतील शिक्षण किती. त्यांनी विचारलं, "कॅप्टन, विमान कशासाठी असतं?" एक पोरगा म्हणाला लढाईसाठी, दुसरा म्हणाला मंत्र्यांसाठी, एक म्हणाली दुबईसाठी. माझी पाळी आली आणि घाबरून माझ्या तोंडून खरंच निघून गेलं. "बायकोला आणायला." पोरं इतकी हसली की एकाचा पाय तुळशीत गेला. जावईबापू हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "पुढे."

त्या वर्षी वैशाखातच अधिक महिना आला होता. शाळेला सुट्टी, ऊन मरणाचं, आणि जावईबापूंनी मोठं विमान काढलं. बांबूची कामटी, वर आमच्या लूमच्या कारखान्यातलं कोरं पांढरं कापड, आणि पंख पुरा दोन माणसांच्या लांबीचा. कापड ताठ व्हावं म्हणून त्याला खळ हवी; मावशींच्या घरी कुरडयांसाठी भिजल्या गव्हाचा चीक काढलेला होता, त्यातला थोडा जावईबापूंनी पंखाला चोपडला. विमानात प्रवासी म्हणून भरताचं हिरवं वांगं. माणूस बसवायचा नाही, हा त्यांचा कायदा, आणि वांगं सुखरूप उतरलं तर त्याचं भरीत करायचं नाही, हा दुसरा. आजवरचं प्रत्येक लहान विमान गच्चीच्या कठड्यावरून सुटलं की नाक खाली घाली आणि सरळ मागच्या शेतात पडे, आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे भरीत असे.

पंख रात्रभर गच्चीवर वाळत पडला. सकाळी आम्ही वर गेलो तर मावशी आणि गल्लीतल्या चार बाया सोरे घेऊन बसलेल्या, आणि पंखावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरडया घातलेल्या. पांढरं कापड, गच्ची, वैशाख. कुणाला वेगळं काही सुचणारच कसं? मावशी सोऱ्या हातात तसाच धरून म्हणाल्या, "माले वाटनं, कुरडयास्ले कापड टाकी ठेयेल शे!" मग पंख नीट न्याहाळला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आते काय करो?" कुरडया काढाव्यात तर खालच्या चिकाला चिकटलेल्या, कापड फाटणार. एक पोरगी रडायला लागली. जावईबापू तुळशीजवळ गेले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाळू द्या. कुरडयांसकट उडवू."

संध्याकाळी अख्खी गल्ली खाली जमली. बाया आपापल्या कुरडया ओळखून दाखवत होत्या. दोन पोरांनी विमान उचललं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि सोडलं. जावईबापूंची पाठ कठड्याकडे, डोळे घट्ट मिटलेले. "उडालं का? कुणीतरी सांगा! कॅप्टन, बोला!" कॅप्टन म्हणजे मी, पोरं ओरडण्यात गुंतली होती. मी सांगायला लागलो. "सर, नाक खाली नाही. सरळ चाललंय. आता शेतावर आहे. सर, बांध ओलांडला. आता डावीकडे कूस घेतंय, आपोआप. आता तबेल्याकडे. म्हशी वर बघतायत, सर. टेकलं! टेकलं, हळू टेकलं!" जावईबापूंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. का उडालं, हे त्यांनी नंतर फळ्यावर समजावलं, की खडबडीत पंखावरून हवा सुटत नाही, चिकटून जाते वगैरे. मला आजही ते नीट सांगता यायचं नाही. वांगं सुखरूप होतं. ते मावशींनी देवघराजवळ ठेवलं. पंखावरच्या कुरडया म्हशीनं खाल्ल्या.

आता ही गच्ची मिळणं शक्य नाही, हे मला त्या संध्याकाळीच कळलं. आणि खरं सांगतो, मागायचं बळही राहिलं नाही. स्वतःच आनंदानं ओरडलो होतो ना! अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. मावशींचा दरारा मोठा, तसा जावयाचा मानही मोठा. त्या दिवशी जावई जे मागेल ते द्यायचं, हा त्यांचा शब्द. पोरांनी तर 'विमानशाळा' अशी पाटीही रंगवून ठेवली होती, जावईबापूंनी गच्ची कायमची मागितली की लावायची म्हणून. मी बायकोला निरोप पाठवला की यंदा जमत नाही.

वाणाच्या दिवशी पुरणाचे धोंडे झाले. जावईबापू पाटावर, समोर ताट, अनारसे, दिवा. आम्ही भाडेकरू दारात, पोरं खिडकीत, पाटी एकाच्या पाठीमागे लपवलेली. मावशींनी ओवाळलं. "मांगा, जवाईबापू. काय पाहिजे तुम्हले?"

"गच्चीवर खोली बांधा," जावईबापू म्हणाले. "आणि ती या कॅप्टनना द्या."

मावशीच म्हणाल्या, "आनि तुमनं इमान?"

"सासूबाई, विमान बायकोला आणायला असतं, असं आमच्या वर्गात ठरलंय."

खिडकीतल्या पोरांपैकी एकानं "पण सर..." म्हटलं, तर त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "एक अट आहे. छपराचा उतार मी ठरवणार. आयुष्यात पहिल्यांदाच असं काहीतरी बनवायला मिळतंय, जे उडता कामा नये." मग धोंड्याचा घास घेतला आणि तो घशाखाली उतरेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

खोली झाली. बायको आली. छपराच्या उताराविषयी गवंड्याशी जावईबापूंचं भांडण झालं ते खालून, गल्लीत उभं राहून, हातवारे करून. त्या छपराचा पत्रा आजवर वादळातसुद्धा कधी वाजलेला नाही. वर्ग ओट्यावर भरू लागला, हिंडोळा होताच. पण ओट्यावरून मोठं विमान सुटत नाही. ते ठेवायला जागा नव्हती म्हणून आमच्या खोलीच्या आढ्याला टांगलं, आणि आमची दोन्ही लेकरं त्याच्या पंखाखाली झोपायला शिकली. पोरं दहावीला गेली, मग नवी आली, मग कमी आली, मग कुणी आलं नाही. जावईबापू कधी त्याविषयी बोलले नाहीत. वर मात्र येत, भिंतीला पाठ लावून एकेक पायरी चढत, चहा घेत आणि आढ्याकडे पाहून माझ्या बायकोला विचारत, "वहिनी, धूळ पुसता ना?"

आता मावशी नाहीत. सुरतेत विमानं रोज येतात. आमच्या छपरावरून जाताना आवाज झाला की जावईबापू काठी टेकत गल्लीच्या मधोमध येतात, हात लांब करतात, तळवा आडवा धरतात आणि पुढची कड हळूच वर करतात. विमानात मात्र अजून एकदाही बसलेले नाहीत.

मी ठरवलंय, एक दिवस त्यांना विमानात बसवायचं. पिशवीत भरताचं वांगं घेणार, सोबत एक अनुभवी प्रवासी असलेला बरा. ते डोळे घट्ट मिटून विचारतील, "उडालं का? कॅप्टन, बोला!" भीती मलाही वाटणारच आहे. पण मी खिडकीशी बसेन, डोळे उघडे ठेवीन आणि दिसेल ते सगळं, पार उतरेपर्यंत, त्यांना सांगत राहीन.