भंडाऱ्याच्या जत्रेत भाड्याची लेन्स

पेटी माझ्या मांडीवर होती आणि कंडक्टर ती वर ठेव म्हणत होते. सातारा-विटा एसटी, सकाळी सहाची. गाडी भरलेली.

"ताई, वर ठेव की ती. बाकीच्यांला नीट बसू दे."

"न्हाई मामा, काच हाय आत."

"मांडीवर बसलीया म्हंजे अर्धं तिकीट पडंल तिचं."

मागचे दोघं हसले. मीही हसले, पण पेटी सोडली नाही. शेजारच्या मावशींनी विचारलं, "लोणच्याच्या बरण्या हायत व्हय गं?" मी नुसती मान हलवली. मला खोटं बोलायला जमत नाही, पण दुकानाचा नियम आहे. प्रवासात पेटीत काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. मग स्पीडब्रेकर आला की मावशी स्वतःच पेटीला हात लावून धरायच्या. "कैरीचं असलं तर त्याल सांडतं बघ," म्हणाल्या. विट्यापर्यंत त्यांनी माझं लोणचं सांभाळलं.

पेटीत एक कॅमेरा आणि दोन लेन्स होत्या. माझ्या नव्हत्या. मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेज सुटल्यावर कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या एका दुकानात काम करते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दुकानात माझं काम चेकिंगचं. परत आलेला कॅमेरा उघडून बघायचा, लेन्समध्ये टॉर्च मारायचा, फॉर्म भरायचा. पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच अटेंडंट म्हणून निघाले होते. अटेंडंट म्हणजे उपकरणांबरोबर जाणारा दुकानाचा माणूस. फोटो काढणं त्याचं काम नाही. नेलेली वस्तू नेली तशी परत आणायची, एवढंच.

एवढंच म्हणते, पण त्यात बरंच काही येतं. चाकावरच्या सीटवर बसायचं नाही, कारण लेन्समधले स्क्रू अगदी बारीक असतात आणि सतत हादरे बसले की सैल होतात. लेन्स कॅमेऱ्याला लावून न्यायची नाही, जोडावर ताण येतो. आणि पेटी मांडीवर. हे शेवटचं मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याचं कारण पुढे येईल.

आदल्या संध्याकाळी दुकानात सांगलीहून फोन आला होता. मृणाल मॅडम नावाच्या पुण्याच्या फोटोग्राफर. जत्रांचे फोटो काढतात. त्यांच्या कॅमेऱ्याचं शटर सांगलीत अडकलं होतं आणि लग्नसराईमुळे तिथल्या दुकानांत एकही कॅमेरा शिल्लक नव्हता. दुसऱ्या दिवशी आटपाडीच्या पुढच्या एका गावात बिरोबाची जत्रा होती. ती चुकली तर पुन्हा वर्षभर थांबायचं.

दुकान चालवणाऱ्या सावंत सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, भंडारा म्हणजे हळदच ना? रंगपंचमीला मी सख्ख्या भावालाही कॅमेरा देत नाही." बराच वेळ बोलणं झालं. शेवटी अटेंडंट बरोबर राहील या अटीवर ते तयार झाले. आमचा नेहमीचा अटेंडंट दुसऱ्या ऑर्डरवर गेला होता. सरांनी दुकानभर नजर फिरवली. दुकानात मीच होते.

"तुला त्या जत्रेतलं काही कळतं का?"

"थोडंफार, सर."

"हे बघ, परवा सकाळी हाच सेट वाईला लग्नाला जाणार आहे. उद्या रात्री आठला दुकानात हवा. हळदीचा एक कण सेन्सरवर गेला तर वाईच्या नवरीच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी डाग येईल. तिथं हळद लागते, पण अशी नाही."

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला पडदा, ज्यावर चित्र उमटतं. तो बिघडला तर आम्ही पुण्याला पाठवतो, आणि तेवढा वेळ नव्हता. सरांना नाही म्हणता आलं असतं, पण ते मॅडमना नाही म्हणाले नाहीत आणि मीही सरांना नाही म्हणाले नाही.

'थोडंफार' हे मात्र खरं नव्हतं. आमचं घर धनगराचं, माण तालुक्यातलं. माझे दादा, म्हणजे वडील, मेंढरं राखतात आणि जत्रेत ढोल वाजवतात. ढोल घोंगड्यात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन नेतात. कंडक्टरशी त्यांचं ह्यावरून दरवर्षी भांडण होतं. साताऱ्यात आल्यावर मी यातलं कुणाला काही सांगितलं नव्हतं. लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

विट्याच्या स्टँडवर मॅडमची गाडी उभी होती. मॅडम पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. गाडीत बसल्यावर आम्ही तयारी केली. दोन लेन्सपैकी मोठी, लांबची लेन्स झूम केली तरी बाहेर येत नाही. जवळची, २४-७०, झूम करताना तिचं नाक पुढं येतं आणि परत आत जातं. सायकलच्या पंपासारखी ती हवा ओढते. हवेत हळद असेल तर हळद ओढते. म्हणून मी कॅमेऱ्याला प्लास्टिक बांधलं, फटींवर टेप लावली आणि सांगितलं, "मॅडम, लेन्स बदलायची झाली तर गाडीत येऊनच बदलू."

"बदलू गं," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघत नव्हत्या.

गाव आलं. देवळासमोर मोठं मैदान, कडेला लिंबाची झाडं. ढोलकरी गोल करून उभे होते. गाडी मात्र गर्दीमुळे अर्धा किलोमीटर मागं ठेवावी लागली. मॅडमनी कॅमेरा बाहेर काढला तसे एक म्हातारे ढोलकरी पुढं आले. सगळे त्यांना आबा म्हणत होते. त्यांची मूठ भंडाऱ्यानं भरलेली होती.

"थांबा बाई. लावल्याबिगर वाजवायचं न्हाई."

"आबा, हा कॅमेरा आहे," मॅडम म्हणाल्या.

"आवं मग तुमचंबी वाद्यच की! आमच्या ढोलाला लावलाय, तुमच्याला नको व्हय?" आणि पाच बोटं थेट लेन्सकडे आली.

आबांचं चूक नव्हतं. दादाही ढोलाला भंडारा लावल्याशिवाय वाजवायच्या काठीला, टिपरूला, हात लावत नाहीत. आणि देवाचा भंडारा नको म्हणून कुणाचा हात मागं ढकलायचा नसतो. मी पेटी दोन्ही हातांनी उचलून मध्ये धरली.

"आबा, हिला लावा. वाद्य हिच्यातच राहतंय. घर हाय त्येचं."

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पेटीच्या काळ्या झाकणावर पाच बोटं ठसठशीत ओढली. "आता वाजवा," म्हणाले.

तासभर सगळं सुरळीत झालं. मॅडम ढोलाच्या घोळक्यात शिरून फोटो काढत होत्या, मी पाठीमागं. मग त्यांना देवळाच्या पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांचे चेहरे हवे होते. त्यासाठी मोठी लेन्स हवी. त्या लिंबाखाली बसल्या.

"मॅडम, गाडीत जाऊ या."

"अर्धा किलोमीटर? अगं, इथं काहीच उडत नाहीये. दहा सेकंदांचं काम आहे."

त्या मोठ्या, मी विद्यार्थिनी. मी मोठी लेन्स पुढं केली. त्यांनी बटण दाबून छोटी लेन्स फिरवली, काढली. कॅमेऱ्याचं तोंड उघडं पडलं.

आणि कैताळ थांबलं.

कैताळ म्हणजे ढोलाबरोबर वाजणारी मोठी झांज. ती गप्प झाली आणि एकच ढोल वाजत राहिला, संथ. आमच्याकडे ढोल असा एकटा पडला की माणसं पिशवीत हात घालून मूठ भरतात. लहानपणी आम्ही पोरी ह्याच वेळी डोळ्यांवर हात धरायचो.

समजावून सांगायला वेळ नव्हता. लेन्स बदलायची वेळ आलीच तर असावा म्हणून मी एक धुतलेला उशीचा अभ्रा खांद्यावर ठेवला होता. मी मॅडमच्या हातातून कॅमेरा आणि लेन्स ओढून घेतली, माझ्या हातातल्या मोठ्या लेन्ससकट अभ्र्यात घातली, तोंड पिरगळलं, पोटाशी धरलं आणि झाडाच्या बुंध्याकडे तोंड करून खाली बसले.

"अगं, काय करतेस! सोड तो! वेडी आहेस का?" त्यांनी माझा खांदा धरला.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

सगळे ढोल एकदम वाजले आणि ऊन पिवळं झालं. माझ्या केसांत, मानेवर, पाठीवर भंडारा पडत होता. मी श्वास रोखून बसले. खांद्यावरचा हात हळूहळू सुटला.

हवा स्वच्छ झाल्यावर मी वळले. मॅडम नखशिखान्त पिवळ्या. पापण्यासुद्धा. त्यांनी खोकून विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कैताळ थांबलं, मॅडम."

"म्हणजे?"

"मी धनगराचीच आहे. दादा ढोल वाजवतात."

त्यांनी पापण्या पुसल्या. "मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

मी अभ्रा पोटाशी धरूनच उठले.

चालत गाडीपर्यंत गेलो. काचा बंद करून आधी मी स्वतःचे केस आणि हात झटकले, स्वच्छ ओढणी घेतली, मग अभ्रा उघडला. आत पांढराशुभ्र. टॉर्च मारून तीनदा पाहिलं. काही नव्हतं. मोठी लेन्स लावून दिली.

पण आता मला शंका आली. ही रीत माझ्या गावची. इथंही प्रत्येक वेळी तशीच असेल कशावरून? मी आबांना गाठलं.

"आबा, कैताळ थांबलं की भंडारा, असंच नव्हं हितं?"

"व्हय. पर पालखी उचलताना न्हाई. तवा कैताळ चालूच ऱ्हातं. फुडच्या दांडीचा गडी खांदा बदलतो, तवा उधळायचा. लय उधळत्यात." मग थांबून म्हणाले, "तू कुणाची गं पोरी?"

मी गाव सांगितलं, दादांचं नाव सांगितलं.

"तरीच. मगाशी पेटी आडवी घातलीस, तवाच म्हनलं, ही पोरगी ढोलाच्या घरातली."

मी विचारलं नसतं तर पालखीच्या वेळी कैताळाची वाट बघत उभी राहिले असते.

दुपारी मॅडमनी पुन्हा २४-७० मागितली. ती मी गाडीत लावली आणि दोघींचं ठरलं. मी 'लॉक' म्हटलं की झूमला हात लावायचा नाही, आहे त्या जागी ठेवून फक्त बटण दाबायचं. मी 'झाक' म्हटलं की अभ्रा टाकायचा. मी त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले. त्या देवळाकडे बघायच्या, मी ढोलाकडे. पहिल्यांदा माझा आवाजच फुटला नाही. "मोठ्यानं!" मॅडम ओरडल्या. मग मी अशी ओरडले की दोन ढोलकरी वळून बघायला लागले. आबा हसत होते.

पालखी उठली तेव्हा मात्र मी वळून पुढच्या दांडीचा माणूस बघत राहिले. त्यानं मान वाकवली, डावा खांदा पुढं केला.

"लॉक!"

मॅडमनी तो फोटो मला गाडीत दाखवला. सगळं पिवळं, आणि त्या पिवळ्यात फक्त एक खांदा आणि त्यावर टेकलेली दांडी. मला फोटोतलं फारसं कळत नाही. पण ती वेळ मी ओळखली होती.

तीन वाजता निघालो. गाडीत मी प्लास्टिक उलटं गुंडाळून काढलं. ओलं फडकं लावलं नाही, हळद ओली झाली की रंग धरते. धूळ उडवायचा रबरी फुगा आणि ब्रश, बाकी काही नाही. विट्याला मॅडम म्हणाल्या, "पुढच्या जत्रेला सरांकडे तुझंच नाव सांगणार आहे. चालेल?" मी हो म्हणाले. मोठ्यानं.

आठला दहा मिनिटं कमी असताना दुकानात पोचले. सरांनी पेटी पाहिली. झाकणावर पाच पिवळी बोटं. त्यांचा चेहरा उतरला.

"संपलं," ते म्हणाले.

"उघडून बघा, सर."

त्यांनी सेन्सर पाहिला. दोन्ही लेन्स उजेडाकडे धरून पाहिल्या. २४-७० चं नाक चार वेळा आतबाहेर केलं आणि पुन्हा टॉर्च मारला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "आता सांग." मी पहिल्यापासून सांगितलं, दादांच्या ढोलापासून. मी फडकं घेऊन झाकण पुसायला गेले तेव्हा सर म्हणाले, "राहू दे ते."

रिटर्न फॉर्म रोज मी भरते. त्या दिवशी सरांनी भरला. बॉडी, ओके. लेन्स एक, ओके. लेन्स दोन, ओके. पेटी, पिवळी.

दुसऱ्या दिवशी सेट वाईला गेला. फोटोंत नवरीच्या कपाळावर तिच्या स्वतःच्या हळदीखेरीज काही नव्हतं. घरी फोन केला तर दादांनी एकच विचारलं, "पेटी मांडीवर व्हती न्हवं?"

अटेंडंटनं प्रवासात पेटीत काय आहे ते सांगू नये. आपल्याला काय येतं, ते मात्र निघण्याआधी सांगावं.