शेणाने सारवलेली मोटार

आमच्या अभिमनभाऊला लोक अर्धवट म्हणत, आणि मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ असूनही कधी कुणाचं तोंड धरलं नाही. एरंडोलसारख्या गावात माणसाने बैल धुवावा, फार तर घोडी धुवावी. अभिमनभाऊ मोटार धुवायचा. रोज सकाळी, न चुकता, जावळ काढलेल्या पोराला न्हाऊ घालावं तशी.

मोटार त्याची स्वतःची होती. जळगावच्या दलिचंद शेटजींकडे तो चौदा वर्षं ड्रायव्हर होता. शेटजींनी नवी मोटार घेतली तेव्हा जुनी, सन अठ्ठावीसची, त्यांनी खूश होऊन भाऊला देऊन टाकली. भाऊ ती घेऊन गावी आला आणि भाड्याने फिरवू लागला. कधी नवरीची पाठवणी, कधी जळगावच्या दवाखान्यात न्यायचा रोगी, कधी पद्मालयाच्या गणपतीला निघालेली मंडळी. पण खरं सांगायचं तर मोटार चालवणं हे त्याचं निमित्त होतं. ती पुसायला मिळावी म्हणून तो ती चालवत असे.

त्याच्या धुण्याचे कायदे होते आणि ते मोडणाऱ्याला तो मोटारीजवळ उभा करत नसे. विहिरीचं पाणी जड, त्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून अंजनी नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून पाणी आणायचं. ऊन चढायच्या आत, निंबाच्या सावलीतच धुवायचं. आधी नुसतं पाणी ओतून रेती वाहू द्यायची. कोरडं फडकं लावलं की रेतीचे ओरखडे उठलेच. मग रिठ्याचं पाणी, मग जुन्या धोतराचं मऊ फडकं, वरून खाली, कधीही खालून वर नाही. दिव्यांच्या कड्या तो खडूच्या भुकटीने घासायचा. खडू मी मास्तर होतो त्या शाळेतले. हेडमास्तरांनी मला दोनदा विचारलं, मुलं खडू खातात का म्हणून.

आणि दर महिन्याला मेण. सातपुड्यातले भिल्ल बाजाराला मोहोळाचं मेण आणत. भाऊ ते मंद आचेवर वितळवायचा, खाली उतरवून त्यात टर्पेंटाइन आणि थोडं जवसाचं तेल घालायचा, आणि थंड झालं की बोटाच्या टोकाने, अगदी पातळ, गोल गोल चोळायचा. वाळलं की घोंगडीच्या तुकड्याने घासत बसायचा. सहा वर्षं हे चाललं. त्या काळ्या रंगावर माशी बसली तर घसरायची, असं मी म्हणत असे. लोक हसत. भाऊ हसत नसे.

तानुवहिनी, त्याची बायको, सगळं पाणी वाहायची. तिला मूल नव्हतं. मोटारीला ती 'मनी सवत', माझी सवत, म्हणायची आणि तिच्यासाठी नदीवर पाच-पाच खेपा करायची.

मग लढाई आली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं. इतरांनी मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसचे बंब बसवले. भाऊने बसवला नाही, कारण त्याने रंग खरवडला असता. मोटार निंबाखाली उभी राहिली आणि धुणं तेवढं चालू राहिलं. बेचाळीस सालच्या चैत्रात ब्रह्मदेश शत्रूच्या हाती चालल्याची बातमी आली आणि पाठोपाठ दुसरी आली, की लष्कराला मोटारी कमी पडताहेत, चांगल्या दिसतील त्या उचलताहेत. सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याची लॉरी गेली. सावद्याच्या केळीच्या व्यापाऱ्याची लॉरी गेली. मग नशिराबादची एक गेली. प्रत्येक बातमी आदल्या बातमीपेक्षा जवळच्या गावाची होती. मला भीती वाटू लागली होती, आणि भाऊ मेण लावतच होता.

"भाऊ," मी एकदा चिडून म्हटलं, "निदान महिनाभर धुऊ नको. धूळ बसू दे. दळभद्री दिसू दे."

"तिनावर धूळ बसनी का माले झोप येस नही," तो म्हणाला.

वैशाखात मामलेदार कचेरीतून कळलं की लष्कराचा साहेब येत्या तीन-चार दिवसांत एरंडोलला येणार, मोटारींची पाहणी करायला. त्या दुपारी वहिनी माझ्या घरी आली. ती उंबऱ्याच्या आत कधी येत नसे. त्या दिवशी सरळ स्वयंपाकघरापर्यंत आली.

"तुम्ही शिकेल शेतस," ती मला म्हणाली. "काहीतरी करा. मोटार गयी ते ह्या जगाव नहीत." नवऱ्याचं नाव न घेता ती सांगत होती, की मोटार गेली तर भाऊ जगायचा नाही.

मी शिकलेलो होतो, म्हणून मी डोकं चालवलं. मी म्हटलं, मोटार सारवून टाकू. शेण, पांढरी माती आणि भुसा, भिंतीला लावतो तसा काला करून जाड थर द्यायचा. वर गोवऱ्या रचायच्या. साहेबाला सांगायचं, चार वर्षं बंद पडून आहे, कोंबड्या अंडी घालतात तीत.

वहिनीइतकं सफाईदार सारवण गावात कुणाचं नव्हतं. भाऊ मात्र मागे सरला.

"झुलाल, तू कर. मना हात उठाव नही," तो मला म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. आम्ही दोघांनी तासाभरात मोटार झाकली. शेणाचा पहिला गोळा इंजिनाच्या टोपणावर पडला तेव्हा त्याने खांदे आवळून घेतले. मी ते पाहिलं, आणि माझ्या अकलेवर खूश असल्यामुळे सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब आला. बरोबर एक हवालदार आणि कचेरीतला धनसिंग कारकून, काखेत मोठी वही घेतलेला. हवा ठप्प होती. उन्हाने अंगणातली माती तडकली होती आणि मोटारीवरचा थरही तडकला होता. मी जवळ गेलो तेव्हा भेगा दिसल्या. भिंत मातीची असते, ती शेण धरते. सहा वर्षांचं मेण काहीच धरत नाही, हे मला, मास्तर असून, सुचलं नव्हतं.

"जुनी मोटार आहे साहेब," मी पुढे होऊन सांगितलं. "चार वर्षं अशीच पडली आहे."

साहेबाने मान हलवली. तो वळला होता, खरंच परत निघाला होता. हवालदाराने जाता जाता हातातली काठी दारावर सहज आपटली.

दाराएवढी खपली एकसंध सुटली आणि खाली येऊन फुटली. तिच्यामागून बाजूची, मग टोपणावरची. आत काळा रंग असा लखलखत होता की साहेबाने डोळ्यांवर हात धरला. त्याने बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. टर्पेंटाइनचा वास अजून गेला नव्हता.

"चार वर्षं?" त्याने मला हिंदुस्तानीत विचारलं.

मी त्याला सांगितलेल्यातलं 'जुनी' एवढंच खरं होतं. आता त्याने तेही खोटं धरलं. नवी मोटार लष्करापासून लपवली, हा गुन्हा आहे, मालक तुरुंगात जाईल, असं तो मोठ्याने बोलू लागला. धनसिंगने वही उघडून काहीतरी दाखवायला पाहिलं तर त्याच्यावरही ओरडला. मग भाऊकडे बघून त्याने विचारलं, ही कुणी राखली? भाऊ पुढे झाला. साहेबाने त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, असा माणूस मला हवा आहे. तुरुंग नाहीतर लष्करात ड्रायव्हर, बोल.

भाऊने एकच गोष्ट विचारली. "मोटार मनाच हातमा ऱ्हाई ना?"

राहील, म्हणाला साहेब. भाऊ लगेच हो म्हणाला. हो म्हणताना त्याने वहिनीकडे पाहिलंही नाही, याचा राग मला आजही येतो.

नेण्याआधी मोटार धुऊ द्या, एवढं त्याने मागून घेतलं. वहिनीने नदीवरून पाणी आणलं. पाच खेपा केल्या, भर दुपारी, अनवाणी, एकदाही न थांबता. भाऊने वरून खाली, शेणाचा शेवटचा डाग जाईपर्यंत मोटार धुतली, पुसली आणि निघून गेला.

आसामातून त्याची दोन पत्रं आली. पहिल्यात, मोटारीला हिरवा रंग फासला असं होतं. दुसऱ्यात, इकडे चिखल फार, पण रोज धुतो. तिसरा कागद सरकारी होता. मोटार दरीत गेली आणि भाऊही तीत होता. मीच तो कागद वहिनीला वाचून दाखवला.

पुढच्या वर्षी बाजारात धनसिंग कारकून भेटला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो अडखळत म्हणाला, "मास्तर, त्या हुकुमात दहा वर्षांच्या आतल्याच मोटारी घ्यायच्या होत्या. तुमच्या मोटारीचं साल माझ्या वहीत लिहिलेलं होतं. अंगणात तशीच उभी असती तर मी साल वाचलं असतं आणि साहेब चहा पिऊन गेला असता. पण लपवलेली सापडल्यावर त्याने मला वही उघडूच दिली नाही."

भाऊ जाऊन पाच वर्षं झाली. भाऊच्या श्राद्धाला वहिनी पहिलं पान मला वाढते. भाऊला वाचवायला धडपडलो तो मी एकटाच, असं जमलेल्या भाऊबंदांना दरवर्षी सांगते, "बठ्ठा गावमा ह्या एकलाच माणूसनी त्यास्ले वाचाडाकरता जीव तोडा." मग ती माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी घालते, आणि मी खाली मान घालून ती खातो.