फळ्यावर लिहिलेलं मत

आमचं गाव बारामतीहून सांगवीकडे जाताना लागतं. नव्वदच्या दशकात तिथल्या वाचनालयाच्या ओट्यावर तरुण मंडळानं एक मोठा फळा लावला होता. गावाचा एखादा प्रश्न वर लिहायचा आणि ज्याला वाटेल त्यानं खाली खडूनं मत मांडायचं. नियम दोनच. मताखाली पूर्ण नाव लिहायचं आणि दुसऱ्याचं मत पुसायचं नाही. वाचनालय सांभाळणारे निवृत्त गुरुजी हे प्रत्येकाला बजावून सांगत.

माझी थोरली बहीण तेव्हा बारामतीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. नवा हातपंप कुठं घ्यावा, असा प्रश्न फळ्यावर आला. बायका त्या ओट्यावर चढत नसत. अक्का चढली. आमच्या वस्तीत विहाराजवळ पंप हवा, तिथल्या बायकांना पाण्यासाठी कालव्यापर्यंत जावं लागतं, असं तिनं लिहिलं आणि खाली आडनावासकट नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मताखाली एक ओळ होती. कॉलेजच्या नावाखाली ही कुणाच्या मोटारसायकलवर फिरते ते आधी सांगावं, मग पंपाचं बोलावं. खाली नाव नव्हतं.

वडील गुरुजींकडे गेले. मीही मागोमाग गेले.

"गुरुजी, तेवढं पुसा."

"आबा, पुसायचं न्हाय असं ठरलंय. आज हे पुसलं तर उद्या दुसरा म्हणंल, माझंबी पुसा."

"आन् नाव लिवायचं ठरलं हुतं, त्याचं काय?"

"मंडळाची बैठक होऊ द्या," एवढंच गुरुजी म्हणाले.

बैठक होईपर्यंत येणारा-जाणारा ते वाचत राहिला. अक्का पुन्हा गेली. 'वरचं ज्यानं लिहिलं त्यानं नाव लिहावं' असं लिहून तिनं परत आपलं पूर्ण नाव घातलं.

"परत कशाला गेलीस?" वडिलांनी विचारलं.

"माझं नाव तितं हायच की आबा. त्याचंच न्हाय."

वडिलांनी तिच्यावर पहिल्यांदा हात उचलला. मारलं नाही, पण तो हात वर तसाच राहिलेला मी पाहिला.

बैठकीत अख्खा फळाच काढायचं ठरलं. सगळ्यांची मतं एकदमच पुसली गेली. पंप चावडीपाशी बसला. अक्कासाठी इंदापूरचं स्थळ जवळपास पक्कं होतं, त्यांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला, मुलगी चांगली हाय, पण गावात बोललं जातंय. घरी आईनं रडून घेतलं. परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल, असं म्हणून वडिलांनी अक्काचं कॉलेज थांबवलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं होतं. नवरा बिजवर, तिच्याहून बराच मोठा.

हळदीच्या दिवशी मी तिला विचारलं, "अक्षर कुणाचं हुतं, कळलं का गं तुला?"

"व्हय. आपल्याच वस्तीतलं. त्याची आयबी कालव्यावरनंच पाणी आणती."

"मग आबांना सांगितलं का न्हाईस?"

"सांगून काय झालं असतं?"

ती उठून आत गेली. ते नाव तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. वडील वारले तेव्हा ती आली, आईजवळ बसली, आल्या-गेल्याचं सगळं पाहिलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत गेली.